चार गाठींचा वाफा

सिस्टर : पाय पुढे करा, दाजी.

दाजी : हात लावू नकोस.

सिस्टर : नडगी फुटलीय. रक्त चपलेत उतरलंय. तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगते.

दाजी : दिसत नाही, पण कळतं. चपलेत चिकचिक होतंय. आणि कोणामुळे होतंय तेही कळतं. आधी दोरी कापायची, मग मलमपट्टीचा डबा उघडून बसायचं. वा रे वा, सिस्टर!

सिस्टर : तीस वर्षं वॉर्डात काढली मी. शिव्या देणाऱ्यांच्याही जखमा धुतल्या. त्यात तुमची एक. बसा त्या पोत्यावर.

दाजी : आधी कबूल कर. कात्री तुझीच ना?

सिस्टर : माझीच. लपवलं कोणी? सहाला बागेत आले आणि तुमच्या वाफ्याकडून कापत कापत खताच्या ढिगापर्यंत पोचले. फाटकाकडची राहिली होती, तेवढ्यात तुम्ही टपकलात. रोज आठला येता, आज सातलाच कशाला आलात?

दाजी : म्हणजे चूक माझी! लवकर आलो ही माझी चूक! अगं, ऊन चढायच्या आत शेंगांना पाणी द्यायचं होतं. फाटकातून शिरलो, दोरी हातात घेतली. एक गाठ लागली, म्हणजे नळ. दोन गाठी लागल्या, म्हणजे खताचा ढीग. पुढे तीन गाठी म्हणजे तुझ्या तळ्याचं वळण आणि चार म्हणजे माझा वाफा. दोन वर्षं असाच येतोय, एकटा, कोणाचा हात न धरता. आज दोन गाठींनंतर हातात नुसती हवा. वाटलं, खुंटावरून सुटली असेल, पुढे सापडेल. चार पावलं टाकली आणि तुझ्या त्या बेडकांच्या दगडांवर आदळलो. जरा डावीकडे असतो तर थेट तळ्यात.

सिस्टर : तळं गुडघाभर आहे.

दाजी : गुडघाभर आहे म्हणे! तोंडावर पडलेल्याला वीतभर पाणी पुरतं. हे नर्सला माझ्यासारख्या फिटरनं शिकवायचं?

सिस्टर : फोन करणार होते मी तुम्हाला, साडेसातला. आता हे झोंबेल.

दाजी : झोंबू दे. स्स्... मुद्दाम जोरात चोळतेस.

सिस्टर : खडी आत गेलीय. ठेवू आत? पिकू दे?

दाजी : का कापलीस, एवढं सांग. बाकी मला काही ऐकायचं नाही.

सिस्टर : चिमणी मेली म्हणून.

दाजी : कोण मेली?

सिस्टर : चिमणी. काल संध्याकाळी तळ्याला पाणी घालून निघाले होते. तुमच्या वाफ्याच्या टोकाला, अंजिराशेजारी जो दोरीचा शेवटचा खुंट आहे ना, तिथे उलटी लटकत होती. पाय अडकलेला, पंख पसरलेले. अजून उबदार होती. अर्धा तास आधी तिथून गेले असते तर सोडवली असती.

दाजी : माझ्या दोरीत अडकली?

सिस्टर : मग काय माझ्या पदरात?

दाजी : माझी दोरी म्हणजे करंगळीएवढी जाड सुतळी. चिमणीचा पाय म्हणजे काडी. ती सुतळीत अडकेल कशी? बसेल वर, शिटेल, उडून जाईल. रोज तेच करतात, माझ्या हाताला लागतं ते.

सिस्टर : उसवली असेल कुठेतरी. धागा सुटला असेल.

दाजी : असेल! 'असेल' म्हणून कापून टाकलीस? नीट पाहिलंस का?

सिस्टर : अंधारून आलं होतं. चष्मा घरी होता. पण खुंट तुमचा, दोरी तुमची, आणि चिमणी त्याला लटकलेली. आणखी काय पाहायचं?

दाजी : चोर सोडून संन्याशाला फाशी. बागेच्या समितीनं परवानगी दिलेली दोरी आहे ती. हात वर करून दिलेली. तुझाही हात वर होता म्हणे.

सिस्टर : होता. आणि समितीचा नियमही आहे. ज्याच्या वस्तूनं इथला जीव गेला, त्याचा वाफा एक वर्ष गेला. मग ती वस्तू कुठलीही असो, माणूस कोणीही असो.

दाजी : तो नियम आणला कोणी? तूच. शिंप्यासाठी.

सिस्टर : शिंप्यानं गोगलगाईंचं विष टाकलं होतं. अकरा बेडूक उताणे पडले होते तळ्याच्या काठाला. मी उचललेत एकेक. रडून दाखवलं म्हणून सोडून द्यायचं?

दाजी : त्याची बायको चाकाच्या खुर्चीत. तिच्यासाठी तो उंच वाफा घेतला होता त्यानं. खुर्चीतून नुसता हात लांब केला की टोमॅटो हाताला यायचे तिच्या. तू तो वाफा काढून घेतलास. मग वर्षभर ती फाटकापर्यंत येऊन परत जायची.

सिस्टर : तुम्ही पाहिलंत?

दाजी : ऐकलं. तिचं डावं चाक करकरतं. फाटकाशी यायचं, थांबायचं, आणि करकरत परत जायचं. मी शेंगा बांधत असायचो आणि मला ते इथवर ऐकू यायचं. तुला दोन डोळे आहेत, तुला नाही दिसली ती?

सिस्टर : दिसली. नियम नियम असतो.

दाजी : नाकानं कांदे सोलावेत ते तूच. म्हणजे आता माझाही वाफा जाणार?

सिस्टर : चिटणीसबाईंना कालच सांगितलंय. बस चालवायला जाण्याआधी समितीची वही घेऊन इथे येतायत. येतीलच एवढ्यात.

दाजी : अस्सं! दोरीबरोबर वाफाही! सरळ सांग ना, पहिल्यापासून डोळा होता तुझा त्यावर. बहिणीचा वाफा, मेव्हण्याकडे कशाला राहू द्यायचा?

सिस्टर : मला माझाच वाफा पुरे आहे. तुमचा घेऊन काय करू? फाटकाजवळच्या उंच वाफ्यावर या, एवढंच दोन वर्षं सांगतेय. सपाट वाट, चार पावलं, शेजारी सतत कोणीतरी. पडलात तर उचलायला माणूस.

दाजी : तेच नकोय मला! 'जपून हं काका.' 'थांबा काका, मी देते काका.' घरी सून तेच करते, कप हातात देताना माझी बोटं वळवून देते. डॉक्टरनं मला चिठ्ठीवर गोळ्या लिहून दिल्या नव्हत्या, ही बाग लिहून दिली होती. 'बायको गेल्यापासून बोलत नाहीत, जेवत नाहीत, रोज बागेत पाठवा.' इथे येऊन मी बोलायला लागलो, ते उगाच नाही. त्या कोपऱ्यात मी बिचारा नसतो. तिथे मी वाफेवाला असतो. तो वाफा गेला तर मी पुन्हा त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडणार. तुला हे माहीत आहे, आणि तरी तू वही मागवलीस.

सिस्टर : कोणाचा हात नको! हे आत्ता सुचतंय तुम्हाला, दाजी? बारा वर्षं माझ्या ताईचा हात धरून फिरलात, तेव्हा नाही सुचलं? दुकानात ती, दवाखान्यात ती, बागेत ती. तुमची काठी झाली होती ती! तिला दोन पायऱ्या चढून धाप लागायची, छातीवर हात दाबून उभी राहायची, तुम्हाला एकदा तरी दिसलं?

दाजी : (पाय मागे ओढून घेतो.)

सिस्टर : पाय सरळ ठेवा. पट्टी बसत नाहीये.

दाजी : दिसलं नाही. बरोबर बोललीस. आंधळ्याला दिसलं नाही. पण तुला दिसत होतं ना? तीस वर्षं वॉर्डात काढलेली बाई तू. दर रविवारी येत होतीस, समोर बसून तिच्या हातचा चहा पीत होतीस. तुला काय दिसलं?

सिस्टर : दाजी, पुरे.

दाजी : का पुरे? तू जखमेवर मीठ चोळणार आणि मी पुरे? बोल की. काय दिसलं तुला?

सिस्टर : ती म्हणायची, पित्त आहे. मीही म्हटलं, पित्त असेल. पित्ताच्या गोळ्या मीच आणून दिल्या. पुढच्या रविवारी ती नव्हती. झालं समाधान?

दाजी : नाही झालं.

सिस्टर : माझंही नाही झालेलं. रोज होत नाही.

दाजी : ती चिमणी कुठाय?

सिस्टर : कशाला हवी?

दाजी : माझ्यावर खुनाचा आरोप आहे. मुडदा तरी पाहू दे.

सिस्टर : पट्ट्यांच्या जुन्या डब्यात ठेवलीय, चिटणीसबाईंना दाखवायला. हात पुढे करा. हळू. नखं लागू देऊ नका.

दाजी : मेलेलीला आता काय लागणार आहे. दे.

(तो तळहातावर चिमणी घेतो. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी तिचा पाय, पायातला दोरा आणि दोऱ्यावरची गाठ चाचपत राहतो.)

दाजी : चष्मा आहे आज?

सिस्टर : आहे.

दाजी : लाव आणि बघ. ही सुतळी आहे? चाळीस वर्षं केसाएवढा फरक बोटांनी काढत आलो मी. सुतळीला कुसळं असतात. हे काचेसारखं गुळगुळीत आहे. मासे धरायच्या गळाचा दोरा आहे हा, नायलॉनचा. आणि ही गाठ बघ. मी अशी गाठ मारत नाही. पहिला वेढा दोनदा घेतलाय, मग वरून एक उलटा. दवाखान्यात टाके घालताना मारतात ती. मला माहीत आहे, कारण ही गाठ मारणारी दोनच माणसं मी आयुष्यात पाहिली. तू एक.

सिस्टर : मी? मी असला दोरा बागेत आणीन? पाखरं अडकतात म्हणून वाटाण्यावरची जाळीसुद्धा काढायला लावली मी सगळ्यांना!

दाजी : मग बघ ना नीट. रंग कुठला?

सिस्टर : हिरवा. उन्हानं विटलाय. हिरवा गळाचा दोरा. दाजी, ही गाठ मी ताईला शिकवली होती. ट्रेनिंगला होते तेव्हा, खाटेच्या पायाला दोरा बांधून सराव करायचे. ती शेजारी बसून बघायची. माझ्याआधी तिला जमली.

दाजी : हं.

सिस्टर : अंजिरावरच्या सीड्या!

दाजी : हळू बोल.

सिस्टर : पाखरं अंजीर खातात म्हणून तिनं गाण्यांच्या जुन्या, चकाकणाऱ्या सीड्या टांगल्या होत्या झाडाला. मी भांडले होते तिच्याशी. म्हटलं, खाऊ देत की दोन अंजिरं. ती म्हणाली, तुझ्या पाखरांना तुझ्या वाफ्यात जेवायला बोलाव. एक सीडी फुटून पडली असणार आणि गाठीसकट दोरा लोंबत राहिला. नायलॉन कुजत नाही, तीन वर्षं झाली तरी.

दाजी : लोंबत होता.

सिस्टर : तुम्हाला ठाऊक होतं?

दाजी : रोज हाताला लागायचा. खुंटापर्यंत आला होता, वाऱ्यानं त्यालाच गुंडाळला होता. माझी सुतळी दर पावसाळ्यात कुजते, मी नवी बांधतो. टोमॅटोच्या काठ्या तिनं रोवलेल्या, त्या वाळवी लागून गेल्या. तिनं लावलेला पुदिना मीच जास्त पाणी घालून मारला. तिच्या हातचं आता तेवढंच उरलंय. त्या सीड्या वाऱ्यावर वाजल्या की मला कळायचं, वाफा इथे संपतो. तो दोरा मी काढला नाही. काढता आला असता. दोन बोटांचं काम होतं.

सिस्टर : आणि मी सुतळी कापत बसले.

दाजी : तू सुतळी कापत बसलीस. आता ती वही येऊ दे. मी सांगतो काय ते.

सिस्टर : काय सांगणार?

दाजी : खरं. वाफा अजून तिच्याच नावावर आहे, मी बदलून घेतला नाही. दोरा तिचा, गाठ तिची, दुर्लक्ष माझं. नियम नियम असतो ना? घे, तुझाच नियम, तुझ्याच पदरात.

ड्रायव्हरबाई : आत कोण आहे? सिस्टर? अहो, अवजारांच्या खोलीत काय भरवलीय सभा! माझी आठची फेरी आहे, बस कोणाची वाट बघत नाही. पटापट बोला. अरे, फिटरकाका! पायाला काय झालं?

दाजी : आंधळा आहे, पडलो. चिटणीसबाई, तुमची वही उघडा. सांगतो.

सिस्टर : तुम्ही गप्प बसा, पट्टी सुटेल. चिटणीसबाई, काल मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. चिमणी यांच्या दोरीत अडकली नव्हती. हे बघा, नायलॉनच्या दोऱ्यात. दोरा माझा आहे.

दाजी : काय बोलतेस? अहो, हिचं ऐकू नका, दोरा— आई गं!

सिस्टर : खडी राहिली होती एक.

ड्रायव्हरबाई : अहो, हळू! किंचाळले ना काका. सिस्टर, तुमचा दोरा? तुम्ही नायलॉन वापरता? मागे वाटाण्याच्या जाळीवरून तर तुम्ही माझ्या अंगावर धावून आला होतात.

सिस्टर : आपण सांगे लोकां ब्रह्मज्ञान. झालं खरं. गाठ बघा. पहिला वेढा दोनदा. ही टाक्याची गाठ आहे, नर्सची. तो सुतळीचा तुकडा द्या इकडे. ही बघा, आता तुमच्यासमोर मारली. ताडून पाहा.

ड्रायव्हरबाई : तीच आहे. हुबेहूब. आता काय करायचं? पहिलीच चूक म्हणून सोडायची का?

सिस्टर : शिंप्याला सोडलं नव्हतं. लिहा. माझा वाफा एक वर्ष.

ड्रायव्हरबाई : बघा हं. यादीत चाळीस जण थांबलेत, आज लिहिलं की उद्या पहिल्याला चावी जाईल. मग मागे फिरता यायचं नाही.

सिस्टर : लिहा म्हणते ना. आणि यादीत पहिलं नाव कोणाचं आहे तेही मला माहीत आहे. शिंप्याची बायको. वर्ष भरलं तरी रांगेतच आहे ती; माझ्या वाफ्याच्या बदल्यात कोणाचा तरी उंच वाफा द्या तिला.

ड्रायव्हरबाई : लिहिलं. इथे सही करा. पण एक सांगते, आणि हे मी चिटणीस म्हणून सांगते. काकांची दोरी समितीच्या परवानगीची होती. ती कापायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? रस्त्यावरची खूण कोणी उखडली तर आमच्याकडे गाडी खड्ड्यात जाते. संध्याकाळी माझी शेवटची फेरी संपवून मी इथे येणार. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत दोरी ताणलेली दिसली पाहिजे मला.

सिस्टर : दिसेल.

ड्रायव्हरबाई : आणि तळ्याचं काय? वाफा गेला तरी तळं सगळ्यांचं आहे. या उन्हात रोज दोन बादल्या लागतात त्याला.

दाजी : मी घालीन.

ड्रायव्हरबाई : तुम्ही, काका?

दाजी : आंधळ्याला बादली उचलता येते. लिहा तेही. जा आता, तुमची बस निघेल.

ड्रायव्हरबाई : निघते. एकमेकांचे गळे धरू नका, आज वहीत आणखी जागा नाही.

दाजी : गेली?

सिस्टर : गेली.

दाजी : खोटारडी. माझ्यावर उपकार करायला तुला कोणी सांगितलं होतं?

सिस्टर : तुमच्यावर केला नाही. त्या वहीत ताईच्या नावापुढे 'जीव घेतला' असं लिहिलेलं वाचायला मला सोसलं नसतं. तुम्हाला काय, तुम्हाला वाचायचं नाही.

दाजी : आंधळ्याला टोमणा मारल्याशिवाय तुझा दिवस जात नाही.

सिस्टर : नाही जात. उठा. पाय टाकून बघा.

दाजी : वर्षभर काय करशील?

सिस्टर : शिंप्याची बायको करत होती तेच. फाटकापर्यंत येईन, परत जाईन. माझी चाकं करकरत नाहीत, तुम्हाला त्रास व्हायचा नाही.

दाजी : तळ्याला पाणी घालताना मला कोणीतरी सांगावं लागेल, कुठवर आलं ते. फाटकाबाहेर उभं राहून नाही सांगता येत. वाफा नसलेल्यानं आत येऊ नये, असा नियम अजून तू आणलेला नाहीस.

सिस्टर : त्या सीड्या मात्र आज उतरवणार मी. सगळ्या. दोऱ्यासकट.

दाजी : एक राहू दे.

सिस्टर : एकही नाही, दाजी. घरट्यात पिल्लं असणार तिची, आज नुसती तोंडं वासून बसली असतील.

दाजी : मग वाफा कुठे संपतो ते मला कसं कळायचं?

सिस्टर : दोरी खुंटाच्या पुढे अंजिराच्या खोडापर्यंत नेते. तिथे पाच गाठी मारते.

दाजी : सुतळीच्या?

सिस्टर : सुतळीच्याच. दरवर्षी कुजतील, दरवर्षी नव्या मारीन.

दाजी : मार. पहिला वेढा दोनदा घे.